शार्ल रिशे

शार्ल रॉबेर रिशे (ऑगस्ट १८५० – ४ डिसेंबर १९३५) हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. ॲनाफिलॅक्सिस या जीवघेण्या प्रतिक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. वडील आल्फ्रेड रिशे नामवंत शल्यविशारद होते. १८८७ मध्ये शार्ल पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

== ॲनाफिलॅक्सिसचा शोध ==

१९०१ मध्ये मोनॅकोचे राजे आल्बेर पहिले यांच्या जहाजावरून रिशे आणि पोल पोर्तिए सागरी सफरीस गेले. फिझेलिया या तरंगणाऱ्या सागरी जीवाच्या दंशाने खलाशांना असह्य वेदना होत. त्या विषाचा अभ्यास करावा, असे राजांनी सुचविले. फ्रान्सला परतल्यावर फिझेलिया मिळेना. तेव्हा दोघांनी समुद्रपुष्पाच्या शुंडकांतील विष घेतले. त्याची अल्प मात्रा देऊन कुत्र्यांना विषापासून संरक्षण मिळवून द्यावे, हा मूळ हेतू होता.

घडले उलटेच. नेप्च्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याने पहिली मात्रा सहज पचविली. सुमारे तीन आठवड्यांनी तेवढीच मात्रा पुन्हा देताच काही क्षणांत त्याला धाप लागली, रक्ताची उलटी झाली आणि २५ मिनिटांत तो मेला. विष शरीरात साठले म्हणावे, तर मधला काळ फार मोठा होता. पहिल्या मात्रेनेच शरीर हळवे झाले होते, हाच निष्कर्ष उरत होता. संरक्षणाच्या विरुद्ध अशा या अवस्थेला रिशे यांनी १९०२ मध्ये ग्रीक शब्दांवरून ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले. नोबेल मात्र एकट्या रिशे यांना मिळाले. पोर्तिए यांचा त्यात वाटा नव्हता.

मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या एका डंखाने एखादा माणूस का दगावतो, याचा उलगडा या शोधामुळे शक्य झाला. आज अशा विषातील ॲलर्जीकारक प्रथिने माशांवाचूनही तयार करता येतात. प्रथिनाचे जनुक बॅक्युलोव्हायरस या कीटकांना ग्रासणाऱ्या विषाणूत घालतात आणि त्याचा संसर्ग पतंगवर्गीय कीटकांच्या पेशींना करतात. या कामी बहुधा वापरला जाणारा पेशीवंश मक्यावर पडणाऱ्या लष्करी अळीच्या जातीचा आहे. मधमाशीच्या विषातील एपीआय एम ५ हे प्रथिन याच पद्धतीने मिळविले गेले. निदानाच्या चाचण्यांत अशी शुद्ध प्रथिने उपयोगी पडतात, कारण मूळ विष हे अनेक घटकांचे मिश्रण असते.

== अन्य कार्य ==

रिशे यांनी नाटके व कादंबऱ्या लिहिल्या, शांततावादाचा पुरस्कार केला आणि १९०७ मध्ये ब्रेगे बंधूंच्या उड्डाणयंत्राच्या प्रयोगांत भाग घेतला. परलोकविद्येचेही त्यांना विलक्षण आकर्षण होते. एक्टोप्लाझम हा शब्द त्यांचाच. प्रयोगशाळेतली त्यांची चिकित्सक दृष्टी माध्यमांच्या बैठकीत फारशी टिकली नाही. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी निवडीवरील ग्रंथात त्यांनी वंशश्रेष्ठत्वाचे उघड समर्थन केले. फ्रेंच सुप्रजननशास्त्र संस्थेचे ते अध्यक्षही होते. त्यांच्या चरित्राचा हा भाग झाकून ठेवता येत नाही.

त्यांचे निधन पॅरिस येथे झाले.