देवीच्या लसीचे जनक डॉ. एडवर्ड जेन्नर आणि बर्ड फ्लूची लस

तुम्ही हुडकेश्वरला राहत असाल किंवा नागपुरात आणखी कुठे, डिसेंबर २०२४ अखेरची घटना तुम्हाला आठवत असेल. गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. या आजाराची लस नाही का, असे तुमच्याही मनात आले असेल. उत्तर समजून घेण्यासाठी एका जुन्या डॉक्टरांची ओळख करून घेऊ.

एडवर्ड जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडमधील बर्कले गावी झाला. पाच वर्षांचे असतानाच आईवडील गेले. लंडनमध्ये शिक्षण घेऊन ते गावीच डॉक्टरकी करू लागले. देवीने तेव्हा घरेच्या घरे उजाड होत. गाईंच्या आचळांवर येणारी सौम्य देवी ज्या गवळणींच्या हातांना झाली, त्यांना खरी देवी होत नाही, असे गावकरी सांगत. जेन्नर यांनी हे तपासायचे ठरवले.

१४ मे १७९६ रोजी त्यांनी एका गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. पुढे त्याला खऱ्या देवीचा द्रव टोचला, तरी देवी झाली नाही. १७९८ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष स्वतःच छापले. गरिबांना ते मोफत लस टोचत. १४ जून १८०२ रोजी ही लस मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला दिली गेली. २६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नर वारले. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले.

निरुपद्रवी विषाणूकडून शरीराला घातक विषाणूची ओळख करून द्यायची, हे त्यांचे सूत्र आजही वापरात आहे. बर्ड फ्लूसाठी असा तयार सौम्य भाऊबंद नाही. म्हणून शास्त्रज्ञ निरुपद्रवी विषाणूत बर्ड फ्लूच्या एका प्रथिनाची जनुकीय माहिती बसवतात. हा विषाणू म्हणजे जणू टपाल पोहोचवणारा पोस्टमन. यालाच व्हायरल व्हेक्टर लस म्हणतात. पुण्यात बनलेली कोविशिल्ड याच प्रकारची होती. कोंबड्यांच्या देवीच्या विषाणूपासून केलेली अशी लस मेक्सिकोत कोंबड्यांना दिली गेली आहे. माणसांवरही छोट्या चाचण्या झाल्या आहेत.

मात्र फिप्सवर केला तसा प्रयोग आज कोणालाही करता येत नाही. आधी प्राणी, मग संमती दिलेले स्वयंसेवक, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. हा वेळ तुमच्या सुरक्षिततेसाठीच लागतो.

भारतात सामान्य नागरिकांसाठी बर्ड फ्लूची लस सध्या उपलब्ध नाही. तोपर्यंत एवढे करा:

• चिकन व अंडी पूर्ण शिजवूनच खा.
• कच्चे मांस हाताळल्यावर साबणाने हात धुवा.
• मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा.
• आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी संपर्क आल्यानंतर ताप, खोकला किंवा दम लागल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा आणि संपर्काची गोष्ट आवर्जून सांगा. औषध लवकर सुरू झाले तर जास्त उपयोग होतो.