विश्लेषण : डायलिसिसच्या ग्राफ्टमागचे टाके कुणाचे?

डायलिसिसच्या अनेक रुग्णांच्या हातात धमनी आणि शीर कृत्रिम नळीने जोडलेली असते. ही नळी म्हणजे ग्राफ्ट. रक्तवाहिन्या जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे फ्रेंच शल्यविशारद अलेक्सी कॅरेल यांनी जंतुसंसर्गाशीही झुंज दिली.

सुरुवात कशी झाली?

कॅरेल यांचा जन्म १८७३ मध्ये लियाँजवळ झाला. १८९४ मध्ये लियाँमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर चाकूहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली. ती शिवण्याची खात्रीची पद्धत नव्हती, त्यामुळे कार्नो वाचले नाहीत. तरुण कॅरेल यांनी मग भरतकाम करणाऱ्या महिलेकडून नाजूक टाके शिकून घेतले. बारीक सुई आणि व्हॅसलीन लावलेला रेशमी धागा वापरून त्यांनी रक्तवाहिन्या जोडल्या. १९०२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली, तर १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

संसर्गाशी लढा कोणता?

पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा चिघळत होत्या. कॅरेल यांनी ब्रिटिश रसायनतज्ज्ञ हेन्री डेकिन यांच्यासह सौम्य हायपोक्लोराइट द्रावणाने जखमा वारंवार धुण्याची पद्धत आणली. मात्र, पुढे सुप्रजननवादाचा पुरस्कार आणि व्हिशी राजवटीशी जवळीक यामुळे त्यांच्या नावाला डाग लागला. १९४४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

आज धोका काय?

डायलिसिसच्या प्रत्येक वेळी ग्राफ्टमध्ये सुया टोचतात. त्या वाटेने त्वचेवरचे, विशेषतः स्टॅफिलोकॉकस जंतू आत शिरू शकतात. कृत्रिम नळीवर त्यांचा थर बसला, की औषधे नीट पोहोचत नाहीत. संसर्ग रक्तात पसरू शकतो, कधी ग्राफ्टच काढावा लागतो. स्वतःची शीर वापरून केलेल्या फिस्टुलात हा धोका सर्वांत कमी, ग्राफ्टमध्ये त्याहून जास्त, तर कॅथेटरमध्ये सर्वाधिक असतो.

काळजी काय घ्यावी?

डायलिसिसआधी हात साबणाने धुवावा. ग्राफ्टवरची खपली खाजवू नये. लाली, सूज, पू, ताप किंवा थंडी वाजणे यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे. टाका कितीही पक्का असला, तरी तो स्वच्छतेवरच टिकतो.