उंबरखिंडीचा महाकवी

खोपोलीहून पालीकडे जाताना आत वळले की चावणी गावाजवळ उंबरखिंड लागते. खालापूर तालुक्यातील ही अरुंद खिंड शिवचरित्राच्या वाचकांना परिचित आहे. तिचे सर्वांत सविस्तर वर्णन ज्याने केले, तो कवींद्र परमानंद मात्र आज नावापुरताच स्मरणात उरला आहे.

परमानंद मूळचे नेवाशाचे. वडिलांचे नाव गोविंद. ज्या नेवाशात ज्ञानदेवांनी गीतार्थ मराठीत आणला, तिथल्याच या कवीने शिवाजी महाराजांचे चरित्र संस्कृतात रचले, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. पण ‘शिवभारता’चा आरंभ पाहिला की उलगडा होतो. काशीयात्रेस गेलेले परमानंद तेथील पंडितांच्या विनंतीवरून कथा सांगतात, अशी या काव्याची मांडणी आहे. सह्याद्रीच्या कुशीतील नव्या राज्याची ओळख साऱ्या भारतवर्षातील विद्वानांना करून द्यायची, तर भाषाही त्यांच्या ओळखीचीच हवी होती. स्वतः महाराजांनीच आपल्याला हे काव्य रचण्यास सांगितले, असे कवी नमूद करतो. एका अर्थाने स्वराज्याचे हे सर्व देशापुढे ठेवलेले ओळखपत्रच होते.

त्याचा कस उंबरखिंडीच्या प्रसंगात लागतो. पुण्यात तळ देऊन बसलेल्या शाएस्तेखानाने कोकण जिंकण्यासाठी कारतलबखान उझबेकास धाडले. बोरघाट टाळून खान लोहगडाच्या बाजूने खाली उतरला आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी या खिंडीत पुरता कोंडला गेला. पुढची वाट अडलेली, मागची बंद, भोवती दाट रान. वाऱ्याची झुळूक नाही, घोटभर पाणी नाही. परमानंदांनी लढाईपेक्षा ही घुसमट अधिक मन लावून रंगविली आहे. विशेष म्हणजे खानाच्या सैन्यातील सरदारांची नावेही ते गाळत नाहीत. जाधवराव, कोकाटे, गाढे ही नावे वाचली की ध्यानात येते, मराठा म्हणजे स्वराज्याचा असे समीकरण तेव्हा जुळलेलेच नव्हते. आणि या प्रसंगातील सर्वांत शहाणे बोल कवीने शत्रुपक्षातल्याच एका स्त्रीच्या, रायबागनच्या, तोंडी घातले आहेत. सिंहाच्या अरण्यात सैन्य आणल्याबद्दल ती खानाला खडसावते आणि शरण जाण्याचा सल्ला देते. खान शरण जातो, महाराज खंडणी घेऊन त्याला वाट देतात.

हे काव्य राजाश्रयाचे आहे, हे विसरून चालणार नाही. महाराज त्यात विष्णूचा अवतार होतात, तर शत्रू असुरांचे. हा पुराणांचा साचा आहे. त्याला इतिहास मानणे कवीवरही अन्यायच. पण घाटवाटा, माणसे आणि तिथी यांत परमानंद जमिनीवर असतात.

१६६६ मध्ये ते महाराजांसमवेत आग्र्यास गेले. राजस्थानी पत्रांत या कवीश्वराचा उल्लेख येतो. महाराज निसटल्यानंतर त्यांना दौसा येथे अडकवून ठेवण्यात आले होते. राजाचे चरित्र लिहिणाऱ्याने राजाच्या संकटाची झळ अशी स्वतःही सोसली.

‘शिवभारत’ अपुरे राहिले. एकतीस अध्याय पूर्ण होतात, बत्तिसाव्यात नऊच श्लोक आहेत. कथा १६६१ च्या शृंगारपूरच्या मोहिमेपाशी थांबते. आग्रा नाही, राज्याभिषेक नाही. पुढे पुत्र देवदत्त आणि नातू गोविंद यांनी काव्यपरंपरा चालविली, पण ती सर आली नाही. परमानंदांची समाधी रायगड जिल्ह्यातच, पोलादपूर येथे आहे.

काव्याची पोथी मात्र तंजावरच्या ग्रंथसंग्रहात जाऊन पडली होती. इतिहास संशोधक सदाशिव महादेव दिवेकर यांनी ती उजेडात आणली आणि १९२७ मध्ये मराठी भाषांतरासह ती प्रसिद्ध झाली. त्यात शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. जेधे शकावलीतही तीच तिथी आढळल्याने १९ फेब्रुवारी १६३० या दिनांकाला बळकटी आली. राज्य सरकारने पुढे शिवजयंतीसाठी हाच दिनांक स्वीकारला.