सावित्रीमाई : रोग्याच्या उशाशी



दरवर्षी ३ जानेवारीला आपण न्हावऱ्याच्या विहारात सावित्रीमाईंच्या तसबिरीला हार घालतो. भाषणे होतात. भिडे वाडा, १८४८ सालची मुलींची शाळा, अंगावर पडलेले शेणगोळे, हे आता आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पाठ असायलाच पाहिजे. पण माई गेल्या कशाने आणि काय करताना गेल्या, असे विचारले तर सभेत चार-दोनच हात वर होतात.

हे लिहायला आणखी एक कारण घडले. आपल्या वस्तीतल्या मुली आता नर्सिंगला जाऊ लागल्या आहेत. त्यावर काही घरांत कुरकूर ऐकू येते. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडले, गावकीची घाण कामे सोडली. मग आता पोरींना शिकवून परक्या माणसाचे भांडे काढायला का पाठवायचे? प्रश्न रागाचा असला तरी खोटा नाही. पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या माणसांचा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर आम्हाला माईंच्या चरित्रात सापडते.

माईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरचा. १८४० साली जोतीरावांशी लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या. लिहावाचायला शिकल्या त्या सासरी येऊन. शाळांचे काम सर्वांना ठाऊक आहे, ते इथे सोडतो.

१८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवा बायका लोकलाजेपायी पोटचे पोर मारायच्या, नाहीतर स्वतः विहीर जवळ करायच्या. त्यांनी इथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, अशी ती सोय होती. १८८४ सालापर्यंत अशा पस्तीस बायका तिथे आल्या. आता विचार करा. कल्पना जोतीरावांची म्हणा की दोघांची म्हणा, पण बाळंतिणीला शेक देणे, बाळाला न्हाऊमाखू घालणे, रात्री रडणारे पोर खांद्यावर घेऊन फिरणे, हे कोणी केले असेल? ज्या घरात बाळंतपण झाले आहे त्या घरातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. आणि त्या बायका बहुतेक ब्राह्मणांच्या, ज्यांच्या लोकांनी माईंवर शेण फेकले होते! त्यांपैकीच काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा १८७४ साली या दांपत्याने आपला म्हणून वाढवला. तोच यशवंत. त्याला त्यांनी डॉक्टर केले.

१८७७ च्या दुष्काळात माई आपल्याच जिल्ह्यातल्या ओतूरला सत्यशोधक मंडळींबरोबर मदतीच्या कामात होत्या. पुढे १८८८ च्या जुलैत जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवे अंग लुळे पडले. औषधपाणी डॉ. विश्राम रामजी घोले यांचे होते, पण डॉक्टर तपासून घरी जातो. चोवीस तास उशाशी राहणारे माणूस वेगळे. जोतीरावांनी त्या अवस्थेत डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्माचा ग्रंथ लिहून काढला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या डाव्या हाताला बळ मिळावे म्हणून घरात कोण राबत होते, तेही सांगायला पाहिजे. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरून माई स्वतः पुढे चालल्या.

मग आला प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत सुरू झाला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात पसरला. रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरांच्या पिसवांमधून माणसाला होतो हे १८९८ साली कळले. हाफकिन साहेबांनी मुंबईत लस काढली ती १८९७ च्या जानेवारीत. पण ज्याला गाठ आली त्याला बरे करील असे औषधच नव्हते. ते मिळायला अजून पन्नासेक वर्षे होती. अशा वेळी रोग्याला काय लागते? पाणी. कपाळावर ओली पट्टी. कूस बदलून देणारा हात. घाण झालेले अंग पुसणारे कोणीतरी. भ्रमात बरळतो तेव्हा त्याचा हात धरून बसणारे कोणीतरी. नेमके हेच कोणी करेना. सख्खी माणसे दारातून पळत होती. महारवाड्यात तर आधीच कोणी पाऊल टाकत नव्हते.

आम्ही गिरणी कामगार. खात्यात एखाद्याचा हात पट्ट्यात आला की डॉक्टर येईपर्यंत कोणीतरी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसतो. बरा झालेला माणूस टाके घालणाऱ्याचे नाव विसरतो, पण मांडी देणाऱ्याचे विसरत नाही.

यशवंतराव लष्कराच्या वैद्यकीय नोकरीत होते. ते आले आणि हडपसरला ससाण्यांच्या मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या हवेत, दवाखाना सुरू झाला. माई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. त्या रोगी शोधून दवाखान्यात आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि हडपसरला आणले. आपण शिक्रापूर, कोरेगाव भीमा करत पुण्याला जातो तेव्हा खराडीचा पूल ओलांडला की मुंढवा लागतो, पुढे हडपसर. ते अंतर एकदा पायी चालून पाहा, आणि मग पाठीवर तापाने फणफणलेले पोर आहे असे समजा. ज्या काळी आपली सावली चालत नव्हती त्या काळची ही गोष्ट.

त्या पोराचा रोग माईंना लागला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच महिन्यात रँडच्या हुकमाने गोरे सोजीर पुण्यात घरोघर घुसून रोगी ओढून नेऊ लागले. सोजिरांच्या भीतीने लोक रोगी लपवू लागले. रोगी माईंनीही नेले आणि सरकारनेही नेले, पण नेण्यानेण्यात केवढा फरक!

आता त्या कुरकुरीकडे येतो. गावकीचे काम जातीने लादलेले होते. त्यात शिक्षण नव्हते, मान नव्हता, नाही म्हणायची सोय नव्हती. माईंवर हे काम कोणत्या जातीने लादले होते? त्या माळ्याच्या, पाटलाच्या लेक. त्यांनी ते आपण होऊन उचलले. आणि त्यांच्याही फार आधी, विनयपिटकात तथागतांची हकीकत आहे. एक भिक्खू हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडला होता, इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. तिथेच चांगल्या परिचारकाचे पाच गुण दिले आहेत. औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, वांतीची किळस नसावी, आणि धम्माच्या बोलण्याने रोग्याला धीर देता यावा. म्हणजे नुसता कनवाळूपणा पुरत नाही, आधी काम यायला पाहिजे. आणि नुसते काम येऊनही भागत नाही. अमेरिकेतल्या जीन वॉटसन या बाईंनी १९७९ सालच्या पुस्तकात माणसाविषयीची आस्था हाच नर्सिंगचा गाभा मानला, असे आपल्या एका विद्यार्थिनीने आम्हाला सांगितले. तिला आम्ही विनयपिटकातले हे पाच गुण वहीत उतरवून दिले.

येत्या १० मार्चला संध्याकाळी विहारात माईंचा स्मृतिदिन आहे. त्या दिवशी भाषणे थोडी ठेवली आहेत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचे, अंग कसे पुसायचे, हे वस्तीतल्या नर्सिंगच्या मुली करून दाखवतील. बायकांबरोबर पुरुषांनीही यावे. घरून एक चादर आणि एक टॉवेल आणावा.