दुसऱ्यांच्या सणाचा गीतकार

अमेरिकेचे सुविख्यात गीतकार अर्व्हिंग बर्लिन यांचा जन्म ११ मे १८८८ रोजी रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव इस्रायल. दंगलखोरांनी त्यांचे घर पेटविले. रस्त्याकडेला घोंगडीवर निजून पाहिलेल्या त्या ज्वाळा, एवढीच मायभूमीची आठवण त्यांस उरली. १८९३ साली हे कुटुंब न्यूयॉर्कच्या आश्रयास आले.

वडील सिनॅगॉगमध्ये प्रार्थना गाणारे, धर्मनिष्ठ. घरी नाताळ कोठून असणार? परंतु सणाच्या दिवसांत छोटा इस्रायल शेजारच्या आयरिश कुटुंबाकडे जाई आणि तेथील नाताळवृक्ष डोळे भरून पाही. तो त्यास गगनाला भिडल्यासारखा वाटे. वृक्ष लहानसाच होता, हे थोरपणी उमगले!

१९०१ साली पितृछत्र हरपले. वर्तमानपत्रे विकून, उपाहारगृहांत वाढता वाढता गाऊन त्यांनी पोट भरले. स्वरलिपी नीट वाचता येत नसतानाही शेकडो गीते रचली. १९२८ च्या नाताळदिनीच त्यांचा तान्हा मुलगा निवर्तला. तरीही त्याच सणावरील त्यांचे ‘व्हाइट ख्रिसमस’ १९४२ साली घरोघरी पोहोचले. परदेशी लढणाऱ्या सैनिकांस त्यात आपले घर दिसले. ‘गॉड ब्लेस अमेरिका’ या गीताचे उत्पन्न त्यांनी बालवीर व वीरबाला यांच्या संस्थांस अर्पण केले. २२ सप्टेंबर १९८९ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, ते कालवश झाले.

त्या शेजाऱ्यांनी दार लावून घेतले असते तर? आपल्या वर्गात परमुलखातून नवा सोबती येतो, तेव्हा आपल्या सणाचे दार त्यास उघडे आहे ना, हे आम्ही सर्वांनी पाहावे.