वालचंद हिराचंद : सातारा रोड ते बंगळूरचे ‘हॉक’

संगणकाच्या पडद्यावर लढाऊ विमान उडविण्याचा छंद आता जुना झाला आहे. २००१ मध्ये ‘इल-२ स्टर्मोविक’ हा सिम्युलेटर आला आणि दुसऱ्या महायुद्धातील विमाने घरबसल्या हाताळण्याचे वेड अनेकांना लागले. या छंदातील जाणकार नुसत्या गोळीबारावर समाधान मानत नाहीत. इंजिन किती तापले की त्याची ताकद घटते, वळण किती तीव्र घेतले की पंख विमानाला तोलून धरेनासे होतात, चाके आत घेण्यास किती सेकंद लागतात, हे सारे ते मूळ विमानाच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहतात. विमान हुबेहूब असावे, हा त्यांचा हट्ट असतो.

‘वॉर थंडर’ या खेळात अशा विमानांची मोठी मालिका आहे. तीत अमेरिकेच्या कर्टिस कंपनीचे पी-३६ अर्थात ‘हॉक ७५’ हे विमानही आहे. अमेरिकी आणि फ्रेंच अशा दोन्ही हवाई दलांच्या रूपात ते तेथे भेटते. या जातीची काही विमाने १९४२ मध्ये बंगळूरला तयार झाली होती आणि तो कारखाना एका सोलापूरकराने उभा केला होता, ही गोष्ट मात्र खेळणाऱ्यांच्या सहसा ध्यानात नसते. त्या माणसाचे नाव सांगलीच्या विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयावर आहे. साताऱ्याजवळच्या सातारा रोड येथील यंत्रकारखान्याशीही ते नाव जोडलेले आहे. ते नाव म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. त्यांचे दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, गुजराती दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने ते सोलापूर भागात स्थायिक झाले होते. जन्मानंतर अवघ्या काही दिवसांत वालचंदांचे मातृछत्र हरपले. १८९९ मध्ये सोलापुरात मॅट्रिक झाल्यावर मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते घरच्या धंद्यात आले. परंतु सावकारी आणि कापसाच्या व्यवहारात त्यांचे मन रमले नाही.

लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतील माजी कारकून त्यांना भागीदार म्हणून लाभले आणि दोघांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. पहिले काम बार्शी लाइट रेल्वेचे होते. हीच छोट्या रुळांची गाडी १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली आणि सांगली-मिरजेच्या कित्येक पिढ्यांच्या आठवणींचा भाग बनली. पुढे वालचंदांनी टाटांशी भागीदारी करून बोरघाटातील रेल्वे बोगद्यांचे अवघड काम केले. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. साताऱ्याच्या पश्चिमेस कोयनेचे धरण पुढे याच कंपनीने बांधले. ते पाहण्यास वालचंद मात्र हयात नव्हते.

जहाजाच्या धंद्यातील त्यांची कामगिरी सर्वश्रुत आहे. नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनच्या दिशेने निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ब्रिटिश जहाज कंपन्यांशी झालेली दरयुद्धे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्या झगड्यातून वालचंदांनी एक धडा घेतला असे दिसते. जहाज चालवायचे तर ते बांधण्याची गोदीही आपली हवी, असे त्यांच्या पुढच्या हालचाली सांगतात. विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जून १९४१ मध्ये झाली. म्हणजे ज्या वर्षी गोदीचा पाया घातला जात होता, त्याच वर्षी त्यांच्या बंगळूरच्या कारखान्यात विमानाची जुळणी चालू होती.

याच सुमारास सातारा रोडचा कारखानाही वालचंद समूहाकडे आला. कोरेगाव तालुक्यातील हा कारखाना साताऱ्याचे पारशी उद्योजक धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये काढलेला. कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. त्यांच्या कारखान्यातून लोखंडी नांगर आणि पुढे डिझेल इंजिने बाहेर पडत. कृष्णाकाठी थोड्या अंतरावर, आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीतही नांगर आणि पंप तयार होत होते. धातू ओतणे, कातणे, जुळविणे ही कामे जाणणारे कारागीर या पट्ट्यात तयार झाले होते. तरीही विहिरीवरचे इंजिन आणि विमानाचे इंजिन यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. विहिरीवरचे इंजिन चौथऱ्यावर पक्के बसते; त्याचे वजन चार मण अधिक झाले तरी शेतकऱ्याची तक्रार नसते. ‘हॉक’च्या नाकात बसणारे नऊ सिलिंडरचे राइट सायक्लोन इंजिन सुमारे १,२०० अश्वशक्तीचे होते आणि त्याच्या वजनाचा शेर न् शेर मोजलेला होता.

विमानाची कल्पना वालचंदांना सुचली ती प्रवासात. १९३९ मध्ये मोटारीचा कारखाना काढण्याच्या खटपटीत ते अमेरिकेला गेले होते. त्या दौऱ्यात, प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी व्यावसायिकाशी गाठ पडली. पॉली यांचा चीनमध्ये, ब्रह्मदेशाच्या सीमेलगत लोईविंग येथे विमानजुळणीचा कारखाना होता. वालचंद मोटारीचा विचार घेऊन निघाले होते, ते विमानाचा विचार घेऊन परतले. मोटारीला दिल्लीच्या सरकारकडून साथ मिळत नव्हतीच. विमानालाही आरंभी मिळाली नाही. अमेरिकेची यंत्रसामग्री आधी ब्रिटनला हवी होती आणि वसाहतीत विमानाचा कारखाना ही कल्पना लंडनमध्ये कोणाला फारशी रुचणारी नव्हती. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि चित्र पालटले. पूर्वेकडील आघाडीसाठी विमाने कोठून तरी आणणे भाग होते.

जागा मिळाली ती म्हैसूर संस्थानात. दिवाण सर मिर्झा इस्माईल उद्योगांना उत्तेजन देण्यासाठी प्रसिद्ध होते. संस्थानाने सुमारे ७०० एकर जमीन दिली आणि २५ लाख रुपयांचे भांडवलही घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची बंगळूरला नोंदणी झाली. वालचंदांबरोबर तुलसीदास किलाचंद आणि धरमसी मुळराज खटाव हे सहकारी होते; तांत्रिक बाजू पॉली आणि त्यांच्या अमेरिकी तंत्रज्ञांकडे होती. १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकारही २५ लाख रुपये घालून तिसरे भागीदार झाले. याच काळात गडहिंग्लज भागातील डॉ. विष्णू माधव घाटगे कंपनीत आले. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेल्या या मराठी अभियंत्याने येथे युद्धकाळातच सैनिक वाहून नेणारे ग्लायडर आखले. स्वतंत्र भारताचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली साकारले आणि १९५१ मध्ये उडाले.

ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे नोंदणीपासून आठ महिन्यांत, या कारखान्यातून ‘हार्लो’ हे पहिले प्रशिक्षण विमान बाहेर पडले. सरकारने ४८ ‘हॉक’ लढाऊ विमानांची मागणी नोंदविली होती. व्हल्टी बॉम्बफेकी विमानेही योजनेत होती. इंजिने आणि अनेक सुटे भाग अमेरिकेचेच होते, हे खरे. त्यामुळे पूर्णार्थाने देशी विमान असे याला म्हणता येणार नाही. तथापि ज्या देशात तोवर मोटारही बनत नव्हती, तेथे लढाऊ विमान जोडून ते उडण्यायोग्य ठरविणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

‘हॉक’ हे त्या काळचे मोठे देखणे विमान होते. डोनोव्हन बर्लिन यांच्या आराखड्यावरून झालेले त्याचे पहिले उड्डाण १९३५ चे. चाके मागे घेताना ती नव्वद अंशांत फिरत आणि पंखात सपाट बसत. सप्टेंबर १९३९ मध्ये फ्रेंच वैमानिकांनी याच विमानातून जर्मनांची विमाने पाडली. फिनलंडने ते वापरले आणि पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या सकाळी जपान्यांवर चालून गेलेल्या मोजक्या अमेरिकी विमानांतही ते होते. ब्रिटिशांनी ते ‘स्पिटफायर’शी ताडून पाहिले, तेव्हा अतिवेगात याची दांडी अधिक हलकी राहते आणि विमान चटकन कुशीवर वळते, असे आढळले. स्पिटफायर मात्र वेगवान होते. सिम्युलेटरमध्ये हुबेहूबपणाचा आग्रह धरणारे हौशी वैमानिक नेमका हाच गुण शोधत असतात. सरळ शर्यतीत मागे पडणारे हे विमान वळणाच्या झुंजीत हाती आले की त्याची खुमारी कळते.

बंगळूरला जोडलेले पहिले ‘हॉक’ ३१ जुलै १९४२ रोजी आकाशात झेपावले. त्या दिवशी कारखाना वालचंदांचा राहिला नव्हता. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, सिंगापूर आणि रंगून पडले, बंगालच्या उपसागरात जपानी नौदल वावरू लागले. एप्रिल १९४२ च्या आरंभी सरकारने वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. युद्धाच्या गरजेपुढे ते टाळणे कठीण होते, असे म्हणता येईल. पण ज्या माणसाने तीन वर्षे दारोदार फिरून ही कल्पना उभी केली, त्याच्या हातून ती पहिल्या लढाऊ विमानाच्या उड्डाणाआधी चार महिने निसटावी, हे विलक्षणच. पुढे तर विमाने बनविण्याचे कामच मागे पडले. पहिल्या ‘हॉक’नंतर आणखी चारच पुरी झाली. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या हाती गेला आणि तेथे प्रामुख्याने दुरुस्तीची कामे होऊ लागली.

वालचंद थांबले नाहीत. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून मोटारी बाहेर पडू लागल्या. मार्च १९४८ मध्ये विशाखापट्टणमला ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. जहाज आणि मोटार त्यांच्याच संस्थांतून घडली. विमान तेवढे सरकारचे झाले. १९४९ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला, १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

सांगलीत धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये काढलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंदांचे नाव देण्यात आले. बंगळूरच्या कंपनीचे १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले आणि नाशिकजवळ ओझरला तिने मिग-२१ विमाने बांधली. भारतीय हवाई दलाने सप्टेंबर २०२५ मध्ये निरोप दिलेले हे विमानही ‘डीसीएस’ या सिम्युलेटरमध्ये २०१४ पासून आहे. त्याची कळ न् कळ खऱ्यासारखी चालते.

बंगळूरची ती पाच ‘हॉक’ विमाने ‘मोहॉक’ या नावाने ब्रिटिश हवाई दलात दाखल झाली. या जातीची विमाने ५ आणि १५५ क्रमांकाच्या तुकड्यांनी आसाम-बंगालमधून ब्रह्मदेशच्या आघाडीवर वापरली. आपल्या पडद्यावरील विमान त्या रंगात रंगविणाऱ्या हौशींनी पंखांवरचे गोल चिन्ह जपून काढावे. १९४३ च्या मध्यापासून या आघाडीवर त्यातील लाल ठिपका वगळला गेला, कारण घाईच्या झुंजीत तो जपानी सूर्यासारखा दिसे. जानेवारी १९४४ मध्ये १५५ क्रमांकाच्या तुकडीने ‘मोहॉक’ सोडून ‘स्पिटफायर’ घेतली.