अर्थतज्ज्ञ डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बाबासाहेब म्हटलं की मुलं 'संविधान' सांगतात. त्यांचं अर्थशास्त्रही मुलांना सांगा.

१४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. सरकारने हवा तेवढा पैसा काढला तर महागाई वाढते, मजुराची मजुरी पुरत नाही. म्हणून रुपयाची किंमत स्थिर हवी, असं त्यांनी मांडलं. १९४३ च्या महापुरानंतर मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्यात पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांच्या एकत्रित योजनेला त्यांनी चालना दिली. १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक ते हरले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

वैनगंगेचा पूर आणि बाजारातले वाढते भाव आपली मुलं पाहतातच. तिथूनच हा धडा सुरू करा.